आंत्रजीवाणू आणि हृदयविफलता

आतड्यातील जीवाणू, त्यांनी तयार केलेली द्रव्ये आणि हृदयविफलता (हार्ट फेल्युअर) यांच्यातील परस्परसंबंध. हृदयाची पंपक्षमता घटली की आतड्याची भिंत बिघडते, जीवाणूंची द्रव्ये रक्तात उतरतात आणि त्यांतील काही उलट हृदयालाच इजा करतात, अशी या संबंधाची मांडणी केली जाते. तिचा पहिला भाग मोजमापांनी बऱ्यापैकी पक्का झाला आहे. दुसऱ्याबाबत मतभेद आहेत.

आतड्यातील बदल : उजव्या कर्णिकेतील दाब वाढला की आतड्याच्या शिरांत रक्त तुंबते आणि भिंतीला सूज येते. त्याच वेळी धमन्यांतून येणारे रक्तही कमी पडते. बर्लिनच्या संशोधकांना २०१४ मध्ये आतड्याच्या प्रमुख धमन्यांतील प्रवाह ३० ते ४३ टक्क्यांनी घटलेला आढळला. अस्तरावरील सूक्ष्म उद्वर्धांत धमनी व शीर शेजारून उलट दिशांना वाहतात. प्रवाह मंदावला की ऑक्सिजन टोकाला पोहोचण्याआधीच शिरेत निघून जातो, म्हणून पेशी आधी टोकाच्याच मरतात. याच गटाने २००७ मध्ये लहान आतड्याची पारगम्यता (भिंतीतून द्रव्ये झिरपू देण्याचे प्रमाण) सुमारे ३५ टक्क्यांनी आणि मोठ्या आतड्याची सुमारे २१० टक्क्यांनी वाढलेली नोंदवली होती. पारगम्यता मोजण्यासाठी रुग्णाला लॅक्ट्युलोज, मॅनिटॉल व सुक्रालोज या शरीरात फारशा न पचणाऱ्या गोड द्रव्यांचे द्रावण पाजून ठरावीक तासांची लघवी गोळा करतात. लॅक्ट्युलोजचे मॅनिटॉलशी गुणोत्तर लहान आतड्याची स्थिती दाखवते. सुक्रालोज जीवाणूंकडून फारसे मोडले जात नसल्याने मोठ्या आतड्यासाठी तेच उपयोगी पडते. मूत्रपिंडे मंदावलेली असतील किंवा लघवी अपुरी गोळा झाली असेल, तर सुक्रालोजचा आकडा खोटा कमी येतो. गुणोत्तराला ही अडचण कमी भासते.

अंतर्विषाचा उगम : हृदयविफलतेत रक्तातील दाहकारक प्रथिने वाढतात हे १९९० पासून ज्ञात आहे. ती कोठून येतात यावर वाद झाला. एका मतानुसार ती निकामी होत चाललेल्या हृदयस्नायूतच तयार होतात. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात पुढे आलेल्या दुसऱ्या मतानुसार आतड्यातून झिरपणारे अंतर्विष (एंडोटॉक्सिन; काही जीवाणूंच्या बाह्य आवरणातील विषारी द्रव्य) त्यांना चेतवते. १९९९ मधील निरीक्षणांत सूज असलेल्या रुग्णांत अंतर्विष अधिक होते आणि मूत्रल (लघवी वाढवणाऱ्या) औषधांच्या अल्पकालीन उपचारानंतर ते उतरले. तीव्र हृदयविफलतेत यकृताच्या शिरेतील रक्तात ते डाव्या जवनिकेतील रक्तापेक्षा जास्त सापडले. या दोन्ही गोष्टी आतड्याकडेच बोट दाखवतात, त्यामुळे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते; मात्र त्याने पहिले खोडले जात नाही. जुन्या आकड्यांची तुलना जपून करावी. अंतर्विषाची चाचणी नालखेकड्याच्या रक्तपेशींच्या अर्कावर होते. प्लाझ्मातील प्रथिने अंतर्विषाला धरून ठेवतात, तर बुरशीतील ग्लुकानमुळे चाचणी खोटी सकारात्मक येते.

टीएमएओ : आहारातील कोलीन व कार्निटीन यांपासून काही जीवाणू ट्रायमिथिलअमाइन (टीएमए) हा वायू बनवतात. कोलीनवर ही क्रिया करणाऱ्या विकराची (एन्झाइमची) जनुके २०१२ मध्ये ओळखली गेली. टीएमए यकृतात पोहोचल्यावर एफएमओ३ हे विकर त्याचे ट्रायमिथिलअमाइन एन-ऑक्साइड, म्हणजेच टीएमएओ, करते आणि मूत्रपिंडे ते बाहेर टाकतात. क्लीव्हलँड क्लिनिकच्या २०१४ मधील पाहणीत स्थिर हृदयविफलतेच्या ७२० रुग्णांत टीएमएओची मध्यक पातळी ५.० मायक्रोमोल प्रतिलिटर होती, हृदयविफलता नसलेल्यांत ३.५. टीएमएओच्या सर्वांत वरच्या चतुर्थकातील (पाव भागातील) रुग्णांत पाच वर्षांतील मृत्यूचा धोका सर्वांत खालच्या चतुर्थकाच्या ३.४ पट होता. हृदयावर ताण यावा म्हणून महाधमनी आवळलेल्या उंदरांना कोलीन किंवा टीएमएओ चारल्यावर त्यांची हृदये अधिक बिघडली.

तरीही टीएमएओ हे रोगाचे कारण आहे की केवळ खूण, हे ठरलेले नाही. मूत्रपिंडे मंदावली की ते आपोआप साचते आणि हृदयविफलतेत मूत्रपिंडे बहुधा मंदावलेलीच असतात. समुद्री माशांत तयार टीएमएओ असल्याने मासे खाल्ल्यानंतर पातळी काही तास उंच राहते, म्हणून नमुना उपाशीपोटी घ्यावा लागतो. जनुकीय भेदांवर आधारलेल्या विश्लेषणांनीही कारणसंबंधाला ठोस पाठबळ दिलेले नाही. सध्या त्याला रोगाच्या वाटचालीचा निदर्शक मानणेच सावधपणाचे आहे.

जीवाणूंची घडण : ब्युटिरेट (आतड्याच्या अस्तराला पोसणारे मेदाम्ल) तयार करणाऱ्या जीवाणूंत, विशेषतः फीकॅलिबॅक्टेरियममध्ये, घट अनेक पाहण्यांत दिसते. मात्र आहार आणि आम्लरोधक औषधेही हीच घडण बदलतात, त्यामुळे ही घट केवळ रोगाचीच मानता येत नाही.

उपचार : सॅकॅरोमायसिस बूलार्डी या किण्वाच्या (यीस्टच्या) २० रुग्णांवरील लहान चाचणीत हृदयाचा निष्कासन-अंश (दर ठोक्याला डाव्या जवनिकेतून बाहेर पडणाऱ्या रक्ताचे प्रमाण) सुधारल्याचे दिसले होते. पुढे नॉर्वे व ब्राझीलमधील ‘गटहार्ट’ चाचणीत हेच किण्व व रिफॅक्सिमिन हे प्रतिजैविक तीन महिने देऊन पाहिले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत निष्कासन-अंशात फरक आढळला नाही. लहान चाचणीपेक्षा हा निष्कर्ष अधिक वजनदार आहे.

डिगॉक्सिन : जीवाणूंचा उपचारावरील सर्वांत स्पष्ट परिणाम हृदयविफलतेत दिल्या जाणाऱ्या या औषधात दिसतो. एगर्थेला लेंटा हा जीवाणू डिगॉक्सिनच्या लॅक्टोन वलयातील दुहेरी बंध क्षपित करून निरुपयोगी डायहायड्रोडिगॉक्सिन बनवतो. साधारण १० टक्के रुग्णांत हे रूपांतर लक्षणीय असते. सर्व उपप्रकारांत ही क्षमता नसते. २०१३ मध्ये ती ‘सीजीआर’ या जनुकसमूहाशी जोडली गेली. आर्जिनीन या अमिनो आम्लाच्या सान्निध्यात ही क्रिया मंदावते, त्यामुळे जीवाणू नुसता सापडला म्हणून मात्रा ठरवता येत नाही. अशा रुग्णाला एरिथ्रोमायसिन किंवा टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक दिल्यास रक्तातील डिगॉक्सिन दुपटीपर्यंत चढू शकते. एरिथ्रोमायसिनच्या बाबतीत या वाढीचा काही भाग पी-ग्लायकोप्रोटीन या, औषध पेशींबाहेर टाकणाऱ्या, वाहक प्रथिनाच्या रोधामुळे होतो, असे आता मानतात. कारण कोणतेही असो, मळमळ, पिवळसर दिसणे किंवा नाडी अनियमित होणे यांवर लक्ष ठेवून रक्तपातळी तपासावी लागते. पातळीसाठीचे रक्त शेवटच्या मात्रेनंतर किमान सहा तासांनी घ्यावे. त्याआधी औषध ऊतींत पुरते पसरलेले नसल्याने आकडा फसवा येतो.