स्वयंनिर्णय विरुद्ध प्रादेशिक अखंडता

स्वयंनिर्णय म्हणजे एखाद्या लोकसमूहाने आपलं राजकीय भवितव्य स्वतः ठरवायचा हक्क, आणि प्रादेशिक अखंडता म्हणजे असलेल्या देशाच्या सीमा कुणी मोडायच्या नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत दोन्ही आहेत, कलम १ मध्ये एक, कलम २ मध्ये दुसरं.

वसाहतींपुरता या दोन तत्त्वांच्या टकरीचा प्रश्न बऱ्यापैकी सुटलाय. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचा १९६० चा ठराव १५१४ सांगतो की वसाहतीतल्या लोकांना स्वातंत्र्य हवं, पण त्याच ठरावात देशाची एकता फोडायचा प्रयत्न सनदेविरुद्ध असंही लिहून ठेवलंय.

ठाण्यातल्या अभ्यासिकांमध्ये यूपीएससीवाली पोरं कोसोवो (सर्बियातून फुटलेला प्रदेश) पाठ करतात, पण अगदी शेजारची केस सोडून देतात. २०१४ ला पालघर वेगळा झाला, त्याआधी ठाणे जिल्ह्याची हद्द थेट नगर हवेलीला टेकत होती. तिथली पोर्तुगीज सत्ता १९५४ मध्ये स्वयंसेवकांनी उलथवली, त्यात संगीतकार सुधीर फडकेही होते. पोर्तुगालचं म्हणणं, हा आमचा प्रदेश, दमणहून तिथे जायला भारताने वाट द्यावी, आणि ते थेट हेगच्या कोर्टात, म्हणजे आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले. १९६० चा निकाल असा की सामान्य माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाटेचा हक्क होता, सैन्याला नव्हता, आणि वाट बंद करून भारताने काही नियम मोडला नाही. गंमत म्हणजे स्वयंनिर्णयाचा मुद्दा कोर्टाने निकालात घेतलाच नाही! १९६१ मध्ये दहाव्या घटनादुरुस्तीने हा भाग भारतात आला.

आणि तोच भारत १९७९ मध्ये मानवी हक्कांच्या करारांत सामील होताना म्हणाला की स्वयंनिर्णयाचा हक्क फक्त परकीय सत्तेखालच्या लोकांना, स्वतंत्र देशातल्या एखाद्या गटाला नाही. दुटप्पी वाटेल, पण बहुतेक सरकारं मनातून हेच मानतात.

वसाहत नसेल तर कायदा गुळमुळीत होतो. क्यूबेक या फ्रेंचभाषिक प्रांताबद्दल कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने १९९८ मध्ये सांगितलं की एकतर्फी फुटायचा हक्क नाही. कोसोवोवर २०१० मध्ये हेगचं कोर्ट म्हणालं, स्वातंत्र्याची घोषणा बेकायदा नाही, पण फुटायचा हक्क आहे का यावर मौन. बांगलादेश टिकला, नायजेरियातून फुटलेला बियाफ्रा नाही, आणि यात कायद्यापेक्षा रणांगण आणि मान्यता देणारे देशच जास्त मोजले गेले.

हिंदी महासागरातल्या चागोस बेटांच्या बाबतीत मात्र दोन्ही तत्त्वं एकाच बाजूला आली. १९६५ मध्ये ब्रिटनने ही बेटं मॉरिशसपासून तोडली, आणि २०१९ मध्ये हेगच्याच कोर्टाने सल्ला दिला की स्वातंत्र्याआधी लोकांच्या खऱ्या इच्छेविना वसाहतीचा तुकडा पाडणं हाच स्वयंनिर्णयाचा भंग.