गिटार विवर्धक, लहान नलिकायुक्त : फेरबदल

विद्युत् गिटारसाठी स्वस्तात बांधलेल्या, साधारण ५ वॅट शक्तीच्या निर्वात नलिका विवर्धकाचा नाद सुधारावा म्हणून त्याच्या मंडलात (सर्किटमध्ये), ध्वनिक्षेपकात (स्पीकरमध्ये) किंवा रोहित्रात (ट्रान्सफॉर्मरमध्ये) केलेले बदल. वादक विवर्धकाला ‘अँप’, नलिकेला ‘ट्यूब’ किंवा ‘व्हॉल्व्ह’ आणि अशा बदलांना सरसकट ‘मॉड’ म्हणतात. जुन्या रेडिओ मेकॅनिकच्या तोंडी धारित्र म्हणजे ‘कंडेन्सर’ आणि रोधक म्हणजे ‘रेझिस्टन्स’. प्रस्तुत नोंदीतही हे शब्द आलटून पालटून येतील.

या वर्गातील जवळजवळ सर्व विवर्धक एकाच आराखड्याचे आहेत. एक १२एएक्स७ (युरोपीय नाव ईसीसी८३) ही जोडत्रिप्रस्थ नलिका (एकाच काचेत दोन ‘ट्रायोड’), तिच्या दोन अर्ध्यांच्या मध्ये आवाजाची एकुलती एक खुंटी, पुढे ६व्ही६ किंवा ईएल८४ यांपैकी एक शक्तिनलिका, मग ध्वनिक्षेपकाला जोडणारे लहानसे निर्गत रोहित्र आणि ६ ते ८ इंची ध्वनिक्षेपक. शक्तिनलिका एकटीच असल्याने ती ‘अ’ वर्गात, म्हणजे तरंगाच्या पूर्ण आवर्तनभर विद्युत् प्रवाह वाहून नेत काम करते. ६व्ही६ च्या माहितीपत्रकात २५० व्होल्ट दाब आणि ५,००० ओहम भाराला ४.५ वॅट निर्गत शक्ती दिलेली आहे. ‘पाच वॅटचा अँप’ ही प्रचलित संज्ञा साधारण या आकड्याशी जुळते.

इतिहास : या आराखड्याचा प्रमाण नमुना म्हणून फेंडर कंपनीच्या ‘चॅम्प’चे नाव घेतले जाते. कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर यांनी १९४८ मध्ये ‘चॅम्पियन ८००’ आणि पुढच्या वर्षी ‘चॅम्पियन ६००’ बाजारात आणला. मांडीवर आडवी ठेवून वाजवायची गिटार शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी तो होता. आज ज्याच्या सर्वाधिक नकला होतात ते ५एफ१ हे चॅम्पचे मंडल साधारणपणे १९५७-५८ च्या सुमाराचे आणि १९६४ पर्यंत वापरात असलेले मानतात. मंडलाची मूळ कल्पना फेंडर यांची नसून नलिका-उत्पादकांनी छापलेल्या नमुना-आकृत्यांवरून घेतलेली असावी, असे मत वारंवार मांडले जाते. ते ग्राह्य वाटते, कारण त्या काळच्या कोणत्याही घरगुती रेडिओचा शेवटचा टप्पा आणि चॅम्पचा शेवटचा टप्पा शेजारी शेजारी ठेवले, तर फरक शोधावा लागतो. फेंडर यांचे श्रेय मांडणीत आहे. सहज उघडणारी पेटी, मेणात बुडवलेल्या पुठ्ठ्यावर पितळी छिद्रांत डाखलेले (सोल्डर केलेले) सुटे भाग आणि कापडी वेष्टनाची तार यांमुळे ही वस्तू दुरुस्तीला, आणि म्हणून फेरफारालाही, सोपी झाली.

फेरफाराची प्रथा नेमकी कोठून सुरू झाली, यावर एकमत नाही. एक परंपरा तिचे मूळ अपघातात शोधते. १९५१ मध्ये आइक टर्नर यांचा वाद्यवृंद ध्वनिमुद्रणासाठी मेम्फिसला सॅम फिलिप्स यांच्या स्टुडिओत आला, तेव्हा गिटारवादक विली किझार्ट यांचा विवर्धक वाटेत बिघडलेला होता. एका हकिकतीनुसार तो गाडीवरून पडला, दुसरीनुसार पावसात भिजला. फाटलेल्या ध्वनिक्षेपकात कागद कोंबून ध्वनिमुद्रण पार पडले आणि तो खरखरीत आवाज लोकांना आवडला, एवढे दोन्हींत समान आहे. हेतुपुरस्सर फेरफाराचे उदाहरण म्हणून १९६४ मधील लंडनच्या ‘द किंक्स’ वाद्यवृंदाचे गिटारवादक डेव्ह डेव्हिस यांचे नाव पुढे येते. त्यांनी ‘एल्पिको’ नावाच्या स्वस्त लहान विवर्धकाच्या ध्वनिक्षेपकाचा कागदी शंकू ब्लेडने चिरला आणि त्याचा आवाज मोठ्या विवर्धकातून वाजवला.

दुसरी परंपरा डाखकामाची आहे आणि ती अधिक फलदायी ठरली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्को परिसरातील रँडल स्मिथ यांनी बॅरी मेल्टन या वादकाच्या फेंडरच्या लहानशा ‘प्रिन्सटन’ विवर्धकात, थट्टा म्हणून, त्याच कंपनीच्या मोठ्या ‘बेसमन’चे मंडल, मोठी रोहित्रे आणि १२ इंची ध्वनिक्षेपक बसवला. तो वाजवून गिटारवादक कार्लोस सँटाना यांनी काढलेल्या उद्गारावरून स्मिथ यांच्या विवर्धकांना ‘बूगी’ हे नाव पडले, अशी हकीकत त्यांच्या ‘मेसा/बूगी’ कंपनीकडूनच सांगितली जाते. तपशिलाबाबत सावध राहिलेले बरे. मात्र लहान पेटीत मोठा आवाज घालण्याचा धंदा येथून उभा राहिला, हे मान्य करण्यास हरकत नाही. इंग्लंडमध्ये १९६२ च्या सुमारास जिम मार्शल यांच्या दुकानात तयार झालेला ‘जेटीएम४५’ कधी कधी याच मालिकेत बसवतात. तो बेसमनच्या ५एफ६-ए मंडलाची जवळजवळ नक्कल होता. नकलेला फेरफार म्हणणे प्रस्तुत लेखकाला पटत नाही.

सध्या रूढ असलेली, म्हणजे मुद्दाम स्वस्त अँप विकत घेऊन तो घरी सुधारण्याची प्रथा २००० नंतरच्या दशकात पसरली. त्याच्या मध्यास एपिफोन कंपनीचा ‘व्हॉल्व्ह ज्युनियर’ आला : एक ईसीसी८३, एक ईएल८४, एक खुंटी, छापील मंडलपट्टी आणि १०० डॉलरच्या आसपास किंमत. २००७ मध्ये फेंडरनेही ‘चॅम्पियन ६००’ हे नाव पुन्हा वापरून चीनमध्ये बनवलेला ६ इंची ध्वनिक्षेपकाचा अँप काढला. दोन्हींत नलिका खऱ्या आणि बाकी काटकसर असल्याने डाखणी हाताळणाऱ्यांना ते आयतेच सापडले.

ध्वनिक्षेपक : फेरफारांवरील चर्चेत कंडेन्सरांना जितकी जागा मिळते, तितकी ध्वनिक्षेपकाला मिळत नाही. वास्तविक सर्वांत मोठा फरक येथेच पडतो. ध्वनिक्षेपकाची संवेदनशीलता १ वॅट शक्तीला १ मीटर अंतरावर मोजतात. स्वस्त ८ इंची ध्वनिक्षेपक ९० डेसिबलच्या आसपास असेल आणि चांगला १२ इंची ९९ डेसिबलचा असेल, तर ९ डेसिबलचा हा फरक विवर्धकाची शक्ती आठपट करण्याइतका आहे. म्हणजे पेटीला हात न लावता ५ वॅटचा अँप पूर्वीच्या ध्वनिक्षेपकावरील ४० वॅटच्या तोडीचा ऐकू येतो. ध्वनिक्षेपकाचा विद्युत् अडथळा (इंपीडन्स) मात्र जुळवावा लागतो. चॅम्पचे रोहित्र ४ ओहमच्या आसपासच्या भारासाठी आहे, तर व्हॉल्व्ह ज्युनियरच्या सुट्या (ध्वनिक्षेपक नसलेल्या) पेटीला ४, ८ आणि १६ ओहमची वेगवेगळी निर्गमे आहेत. ध्वनिक्षेपक न जोडता नलिका-विवर्धक वाजवल्यास निर्गत रोहित्र जळू शकते.

निर्गत रोहित्र बदलणे ही दुसरी पायरी मानतात. एकाच नलिकेचा स्थिर प्रवाह सतत एकाच दिशेने वाहत असल्याने या रोहित्राच्या गाभ्यात हवेची फट ठेवावी लागते. गाभा लहान असेल, तर खर्जाच्या स्वरांना तो आधीच चुंबकीयदृष्ट्या संपृक्त होतो आणि ते पातळ येतात. मोठ्या गाभ्याने खर्ज भरतो. पण सर्वांनाच तो हवा असतो असे नाही, कारण जुन्या चॅम्पच्या ध्वनिमुद्रणांतील आटोपशीर आवाज काही अंशी त्या खुज्या रोहित्राचीच देणगी असावी.

मंडलातील बदल : दोन टप्प्यांमधला जोड-कंडेन्सर आणि त्याच्या पुढचा रेझिस्टन्स मिळून खालचे स्वर गाळतात. ०.०२२ मायक्रोफॅरड आणि २२० किलोओहम ही नेहमीची जोडी सुमारे ३३ हर्ट्झच्या खाली कापते. गिटारची सर्वांत जाड तार सुमारे ८२ हर्ट्झची असते, तेव्हा येथे काहीच गाळले जात नाही. कंडेन्सर ०.००४७ चा केला की ही सीमा सुमारे १५४ हर्ट्झवर जाते आणि खुंटी पूर्ण फिरवल्यावर येणारा गढूळपणा कमी होतो. पहिल्या त्रिप्रस्थाच्या ऋणाग्राला (कॅथोडला) १.५ किलोओहमच्या रेझिस्टन्सला समांतर बहुधा २५ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर असतो. तो सर्व स्वरांना सारखा उठाव देतो. त्याजागी ०.६८ चा बसवला, तर उठाव सुमारे १५६ हर्ट्झपासून पुढे चढत जातो आणि आवाजाला धार येते. दोन्ही बदल काही रुपयांचे आहेत.

५एफ१ मध्ये ध्वनिक्षेपकाकडून २२ किलोओहमच्या रेझिस्टन्समधून दुसऱ्या त्रिप्रस्थाच्या ऋणाग्राकडे ऋण फीडबॅक, म्हणजे निर्गत संकेताचा विवर्धन कमी करणारा अंश, परत नेलेला आहे. ही एक तार तोडली की अँप अधिक जोरकस, उघडा आणि थोडा बेशिस्त होतो. अनेक जण तेथे बटण लावतात. नव्या चॅम्पियन ६०० मध्ये खुंट्या नसलेली, पण मंडलात कायमची बसवलेली स्वरनियंत्रक जाळी आहे. ती बरीच पातळी खाते, म्हणून तिचे एक टोक जमिनीपासून सोडवण्याची रीत आहे. उलट व्हॉल्व्ह ज्युनियरमध्ये अशी जाळी मुळातच नाही आणि तेथे ती घातली जाते. १२एएक्स७ चा विवर्धनांक १०० आहे. तिच्या जागी १२एटी७ (६०) किंवा १२एवाय७ (सुमारे ४०) खोचली, तर डाख न देताही निखळ आवाजाला जास्त वाव मिळतो.

एकाकी नलिकेच्या विरूपणात (डिस्टॉर्शनमध्ये) मूळ कंप्रतेच्या दुपटीचा घटक, म्हणजे तोच स्वर तार सप्तकात, प्रामुख्याने मिसळतो. तिपटीचा घटक, म्हणजे षड्जासोबत तार सप्तकातला पंचम, त्यामानाने कमी असतो. ‘ट्यूबची ऊब’ म्हणून ज्याचे वर्णन होते, त्याचे हे एक बऱ्यापैकी समाधानकारक स्पष्टीकरण आहे. याउलट पुरवठ्यातील सेमीकंडक्टर एकदिशकारकाच्या (प्रत्यावर्ती प्रवाह एकदिश करणाऱ्या भागाच्या) जागी ५वाय३ सारखी एकदिशकारक नलिका घालून झटक्याला दाब ‘बसतो’ (क्षणभर उतरतो) आणि स्वर मऊ होतो, हा दावा या वर्गापुरता तरी तपासून घ्यावा. ‘अ’ वर्गात सरासरी प्रवाह जवळजवळ स्थिर राहतो, त्यामुळे दाब बसायला फारसे कारण उरत नाही. मोठ्या दोन-नलिकांच्या विवर्धकांचा अनुभव येथे उसना आणलेला दिसतो.

शक्तिनलिकेवरचा भार ही उपेक्षित बाब आहे. स्वस्त अँपमध्ये ती बहुधा मर्यादेच्या काठावर तापत असते. मीटरची एक पिन जमिनीला आणि दुसरी ऋणाग्राला लावावी. ४७० ओहमच्या रेझिस्टन्सवर १९ व्होल्ट दिसले, तर प्रवाह सुमारे ४० मिलिअँपिअर झाला. धनाग्र (अ‍ॅनोड) आणि ऋणाग्र यांत ३०० व्होल्ट असतील, तर नलिका १२ वॅट उष्णता टाकते आहे. ईएल८४ ची कमाल मर्यादा १२ वॅटच आहे. रेझिस्टन्स थोडा वाढवला की नलिका निवते आणि आवाजात फारसे काही हरवत नाही.

घरघर : दोन नलिका एकमेकींविरुद्ध जोडलेल्या विवर्धकात पुरवठ्यातील लहर आपोआप खोडली जाते. एकाकी नलिकेत ती थेट ध्वनिक्षेपकात उतरते. ५० हर्ट्झची गुणगुण बहुधा तापतंतूंच्या ६.३ व्होल्ट प्रत्यावर्ती पुरवठ्यामुळे असते, तर १०० हर्ट्झची गुणगुण पुरवठ्याची गाळणी अपुरी पडल्यामुळे. पहिली नलिका उपसून काढूनही आवाज तसाच राहिला, तर दोष पुरवठ्यात किंवा शेवटच्या टप्प्यात आहे. तापतंतूच्या तारांना पीळ देणे, त्यांच्या दोन्ही टोकांपासून जमिनीला १०० ओहमचा एकेक रेझिस्टन्स जोडणे किंवा एकदिश पुरवठा देणे, हे उपाय आहेत. व्हॉल्व्ह ज्युनियरच्या सुरुवातीच्या आवृत्तीबद्दल घरघरीची तक्रार सार्वत्रिक होती आणि नंतरच्या आवृत्तीत एकदिश पुरवठा आला. गाळणीचा पहिला कंडेन्सर मात्र वाटेल तितका वाढवू नये. ५वाय३ ला २० मायक्रोफॅरडच्या पलीकडे सुरुवातीचा झटका सोसत नाही.

सुट्या भागांविषयीचा वाद : तेलात भिजवलेल्या कागदाचा कंडेन्सर, नारिंगी रंगाचा पॉलिप्रॉपिलीनचा, पूर्वीचा मोहरी रंगाचा, अशा निवडींवर भरपूर लिहिले गेले आहे. एकाच मूल्याचे दोन निर्दोष कंडेन्सर कानाला वेगळे लागतात, हे मत प्रस्तुत नोंदीत स्वीकारलेले नाही. जुने भाग छापील मूल्यापासून सरकलेले असतात आणि ऐकू येणारा फरक बहुधा त्या सरकण्याचा असतो. लाकडी काडीने एकेक भागावर हलके टिचकी मारून पाहणे अधिक उपयोगी पडते. जो भाग ध्वनिक्षेपकातून ‘टण्’ असे उत्तर देतो, त्याचा डाख कच्चा असतो किंवा ती नलिका आतून सैल असते. स्वस्त मंडलपट्टीवर डाखणी जास्त वेळ टेकली, तर तांब्याची रेघ सुटून येते. नवशिक्यांचे अनेक अँप यातच निकामी होतात.

सुरक्षितता : वीज बंद करून प्लग काढल्यावरही गाळणीच्या कंडेन्सरांत ३०० व्होल्टच्या वर दाब साठून राहू शकतो आणि तो प्राणघातक आहे. १० किलोओहम, ५ वॅटच्या रेझिस्टन्समधून तो जमिनीला सोडावा आणि मीटरवर १० व्होल्टच्या खाली आल्याची खात्री करूनच हात घालावा. चालू अँपमध्ये मोजमाप करताना एक हात खिशात ठेवावा, असा रेडिओवाल्यांचा जुना दंडक आहे.

भारतातील स्थिती : व्हॉल्व्ह रेडिओच्या काळात ईएल८४ ही नलिका परिचयाची होती आणि बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनेही ती बनवली. आज नव्या नलिका मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन येथून येतात. रेझिस्टन्स, कंडेन्सर, नलिकांची सॉकेटे इत्यादी किरकोळ वस्तूंसाठी मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतील पासोड्या विठोबाचा परिसर ही ठिकाणे आहेत. अमेरिकेहून आणलेला अँप १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचा असेल, तर दाब उतरवणारे रोहित्र लागते. शिवाय ५० हर्ट्झवर अँपच्या वीज-रोहित्राच्या गाभ्यातील चुंबकीय स्रोत (फ्लक्स) २० टक्क्यांनी वाढतो, म्हणून अँप अमेरिकेतल्यापेक्षा जास्त तापतो. बाजारातील अनेक दाब-उतरवणी पेट्यांना दोनच पिनांचे सॉकेट असते. त्यात अँपची तिसरी पिन तोडून खोचली की भूसंपर्क जातो, आणि अँपच्या पेटीच्या धातूला आलेला दाब गिटारच्या तारांपर्यंत पोहोचतो.