निद्रानाश

झोपायला पुरेसा वेळ आणि निवांत जागा असूनही झोप न लागणे, लागली तरी सारखी मोडणे किंवा पहाटे फार लवकर जाग येऊन पुन्हा डोळा न लागणे, आणि त्यापायी दिवसा थकवा, चिडचिड, विसराळूपणा जाणवणे, या तक्रारीला निद्रानाश म्हणतात. यातली ‘वेळ असूनही’ ही अट महत्त्वाची. रात्रपाळीमुळे किंवा तान्ह्या बाळामुळे ज्याला झोपायलाच मिळत नाही, त्याची झोप अपुरी असते. संधी मिळाली की तो ढाराढूर झोपतो. निद्रानाशाचा रोगी मात्र दमूनभागून दुपारी आडवा झाला तरी बहुधा टक्क जागाच राहतो. आठवड्यातून किमान ३ रात्री आणि असे ३ महिने चालले, तर निद्रानाश जुनाट धरला जातो. झोप किती तास झाली, हा निदानाचा निकष नाही.

झोप लागते कशी, याची आज सर्वमान्य असलेली मांडणी स्वित्झर्लंडमधील झोपेचे अभ्यासक आलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये केली. तिच्यात दोन गोष्टी येतात. पहिली झोपेची भूक. जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसीन नावाचे रसायन साचत जाते आणि जितके जागावे तितकी ही भूक वाढते. दुसरी म्हणजे मेंदूतले घड्याळ. ते डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावर आपली वेळ जुळवते आणि अंधार पडू लागला की मेलॅटोनिन हे झोपेची वेळ कळवणारे संप्रेरक पाझरायला लावते. कॉफी प्यायल्याने अ‍ॅडेनोसीन नाहीसे होत नाही. कॅफीन फक्त त्याची जागा अडवून बसते. प्यायलेल्या कॅफीनपैकी निम्मे रक्तातून जायला साधारण ५ तास लागतात. संध्याकाळी सहाच्या कपातले निम्मे कॅफीन म्हणजे रात्री अकरालाही अंगात असते.

पण निद्रानाशाचे कोडे एवढ्याने सुटत नाही. या रोग्यांना झोपेची भूक असते, घड्याळही बहुधा ठीक चालत असते. त्यांचा जागेपणाच सैल पडत नाही. तो का पडत नाही, याची उकल अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आर्थर स्पीलमन यांनी १९८०च्या दशकात केली. मुळात झोप सावध असणे हा पिंड. त्यावर निमित्त घडते: घरातला मृत्यू, नोकरीची काळजी, आजारपण. इथवर काही रात्री जागून काढणे स्वाभाविकच. पुढे निमित्त सरते, तरी झोप परतत नाही; कारण मधल्या काळात माणसाने झोप भरून काढायला केलेले उपायच आता ती रोखून धरतात. तो नऊलाच अंथरुणावर पडतो, सकाळी उशिरापर्यंत लोळतो, दुपारी डुलकी काढतो. झोपेची भूक जमायच्या आधीच मोडते आणि अंथरूण ही कूस बदलत पडून राहायची जागा होऊन बसते.

दिवाणखान्यात टीव्हीसमोर पेंगणारा माणूस उठून खोलीत जातो, उशीला डोके टेकवतो आणि त्याची झोप खाडकन उडते. रात्री अडीचला तो मोबाइल उलटा करून वेळ बघतो आणि हिशेब मांडतो, ‘आत्ता लागली तरी साडेतीन तास मिळतील.’ हा हिशेबच त्याला आणखी जागा करतो. झोप ही प्रयत्नाने येणारी गोष्ट नाही. तिच्या मागे लागले की ती पळते.

म्हणूनच आज पहिला उपाय गोळीचा नसून सवयी आणि विचार बदलणाऱ्या उपचाराचा मानला जातो. ‘अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स’ या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये हीच शिफारस केली. या उपचाराचा एक भाग अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूट्झिन यांनी १९७२ मध्ये सांगितला होता: डोळे जड झाल्यावरच अंथरुणावर जावे, वीसेक मिनिटांत झोप लागली नाही असे वाटले (घड्याळ न बघता) तर उठून मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणे करावे, पेंग आली की परतावे. रात्र कशीही गेली तरी सकाळी उठायची वेळ मोडू नये.

दुसरा भाग ऐकायला उफराटा वाटतो. साडेआठ तास पडून जेमतेम साडेपाच तास झोपणाऱ्याला अंथरुणावर साडेपाच तासच दिले जातात, समजा साडेबारा ते सहा. पहिला आठवडा हालाचा जातो, दिवसा पेंग येते. पण झोपेची भूक साठत जाते आणि तुकड्यातुकड्यांची झोप सलग होऊ लागते. पडलेल्या वेळातला ८५ टक्क्यांहून अधिक वेळ झोपेत जाऊ लागला की १५-१५ मिनिटे वाढवत नेतात. हा वेळ ५ तासांखाली आणत नाहीत. वाहन चालवणे हेच ज्यांचे काम आहे त्यांनी, तसेच अपस्मार (फिट येणे) किंवा द्विध्रुवी विकार (मनःस्थितीचे टोकाचे चढउतार) असणाऱ्यांनी हा प्रयोग स्वतःहून करू नये.

अंधार, गारवा, शांतता, झोपण्यापूर्वी पडद्यापासून दूर राहणे, हे नेहमीचे सल्ले चुकीचे नाहीत. मात्र जुनाट दुखण्याला ते एकटे पुरत नाहीत. मद्याने झोप लवकर लागते हे खरे, पण उत्तररात्री ती विस्कटते. झोपेच्या गोळ्या थोड्या दिवसांच्या अडचणीत उपयोगी पडतात. त्यांतल्या अनेकांची सवय लागते, म्हाताऱ्या माणसांत तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो आणि बरेच दिवस घेतलेली गोळी एकदम सोडल्यास झोप पूर्वीपेक्षा बिघडते. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्यानेच कमी करावी.

काही वेळा निद्रानाशामागे दुसरेच दुखणे असते. घोरता घोरता श्वास अडकत असेल, तर शेजारी झोपणाऱ्याच्या ते आधी लक्षात येते. संध्याकाळनंतर पायांत अस्वस्थ वळवळ होऊन ते हलवल्याशिवाय राहवत नसेल, तर लोहाची कमतरता तपासावी लागते. पहाटेच लख्ख जाग येऊन मन उदास राहत असेल, तर नैराश्याची शक्यता पाहावी लागते.