हंबरकाठचा शेतकरी आणि दीपगृहांचे तक्ते

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर ग्रिम्सबी बंदराला लागून ग्रेट कोट्स नावाचे गाव आहे. समोर हंबर नदीचे चिखलाने भरलेले रुंद मुख, पाठीमागे लिंकनशायरच्या वोल्ड्स टेकड्या आणि मधे बांध घालून समुद्रापासून राखलेली सपाट कुरणे. जॉन कॉर्डो (१८३१–१८९९) यांनी इथे शेती केली. १८७२ मध्ये हंबर परिसरातल्या पक्ष्यांवरचे त्यांचे पुस्तक निघाले. पक्षी-स्थलांतराच्या अभ्यासात त्यांचे नाव आजही निघते ते मात्र त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत दीपगृहांवरून पक्ष्यांच्या नोंदी गोळा करण्याच्या कामामुळे.

आधी एका शब्दाचा गुंता सोडवायला हवा, कारण मराठीत लिहिताना हमखास घोळ होतो तो इथेच. त्यांची ओळख सगळीकडे ‘फार्मर’ अशी दिली जाते. त्याचे ‘शेतकरी’ असे भाषांतर केले की आपल्यासमोर स्वतःच्या चार-पाच एकरांत राबणारा माणूस उभा राहतो. व्हिक्टोरियन इंग्लंडची शेती तीन थरांची होती. वर जमीनदार, मधे खंडाने जमीन घेऊन भांडवल गुंतवणारा फार्मर आणि खाली रोजंदारीवरचा मजूर. नांगर मजुराच्या हाती, हिशेबाची वही फार्मरच्या हाती. मग त्याला ‘कूळ’ म्हणावे, तर तेही जमत नाही. आपल्याकडे १९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन यांमुळे कूळ म्हणजे प्रत्यक्ष कसणारा, ज्याच्या नावावर जमीन व्हायला हवी होती तो, असा अर्थ पक्का झाला आहे. वोल्ड्सवरच्या पाचशे-हजार एकरांच्या खंडकऱ्याला तो अर्थ लावणे हास्यास्पद ठरेल. जमीनदार स्वतः शेती करवून घेत असला, तर त्यालाही हौसेने ‘फार्मर’ म्हणत, हा आणखी एक पेच. कॉर्डो स्वतः धर्मोपदेशकाच्या घरात जन्मले आणि कॉलेजात शिकले. त्यांच्याकडे बघताना हे ध्यानात ठेवलेले बरे.

शब्दावर इतका वेळ घालवायचे कारण असे की निसर्गनिरीक्षणासाठी लागणारा वेळ आणि मोकळीक या मधल्या थराच्या ठरावीक अटींतून येत होती. लिंकनशायरमध्ये एक जुना रिवाज होता. खंडकरी शेत सोडून गेला, तर त्याने घातलेला हाडांचा चुरा, मातीत मिसळलेला खडू आणि गुरांना चारलेली पेंड यांचा न संपलेला लाभ मोजून नव्या खंडकऱ्याकडून भरपाई मिळे. त्यामुळे वर्षाच्या करारावरही माणसे वर्षानुवर्षे एकाच जागी टिकत. देशभरासाठी असा कायदा १८७५ मध्ये झाला, पण करारात लिहून तो टाळता येई. ती पळवाट १८८३ मध्ये बंद झाली. शिकारीचे हक्क मात्र भाडेपट्ट्यात सहसा मालक राखून ठेवी. १८८० च्या कायद्याने खंडकऱ्याला ससे मारण्याचा हक्क दिला. तितर आणि फेझंट त्यातून वगळले होते. भरती-ओहोटीच्या चिखलपट्ट्यात बंदूक घेऊन फिरणाऱ्याला फारसे कोणी अडवत नसे आणि त्या काळी पक्षी ओळखायचा म्हणजे आधी तो पाडायचा. किनाऱ्यावरचे शेत अभ्यासकाला सोयीचे का पडे, ते यावरून कळेल.

याच शेतीने पाणथळ जागा आटवल्या, हेही सांगायला हवे. १८४६ पासून सरकारी कर्ज मिळू लागल्यावर भाजलेल्या मातीच्या नळ्या जमिनीत पुरून शेतेच्या शेते कोरडी केली गेली. हंबरच्या वरच्या अंगाला गढूळ भरतीचे पाणी शेतात घेऊन, गाळ बसू देऊन, ओहोटीला सोडून देण्याची पद्धत होती. तिने दलदलीवर सुपीक थर चढे. टिटवी-पाणलाव्यांच्या जागा त्याखाली गेल्या.

कॉर्डो यांना दिसले ते थोडक्यात असे. शरद ऋतूत पक्षी उत्तरेकडून दक्षिणेकडे जातात, हे सर्वांनी गृहीत धरलेले. हंबरच्या बांधावर उभे राहिले, तर ऑक्टोबरात कावळे, स्टार्लिंग आणि चंडोल पूर्वेकडून, सरळ समुद्रावरून येताना दिसत आणि पश्चिमेला आत शिरत. पाच-सहा ग्रॅम वजनाचा गोल्डक्रेस्ट उत्तर समुद्र ओलांडून कुंपणात येऊन पडे. वुडकॉक हा शिकारीचा पक्षी येण्याच्या काही दिवस आधी तो येतो, म्हणून त्या किनाऱ्यावर त्याला ‘वुडकॉकचा वाटाड्या’ म्हणत. एका शेतावर बसून दिशा सांगता येते, वाट सांगता येत नाही. त्यासाठी समुद्रातले डोळे हवे होते.

ते डोळे म्हणजे दीपगृहांचे राखणदार आणि दीपनौकांवरचे (दिवा लावून समुद्रात नांगरून ठेवलेल्या जहाजांवरचे) खलाशी. १८७९ मध्ये कॉर्डो आणि स्कॉटलंडमधले त्यांचे एक सहकारी यांनी त्यांना छापील तक्ते पाठवायला सुरुवात केली. पुढच्या वर्षी एका मोठ्या विज्ञानसंस्थेने त्यासाठी समिती नेमली आणि १८८७ पर्यंत दरवर्षी अहवाल निघत गेले. तक्त्यात तारीख, वेळ, वारा कुठून आणि किती, हवामान, पक्ष्याची जात, अंदाजे संख्या, उडण्याची दिशा आणि दिव्यावर आपटून मेलेले पक्षी असे रकाने असत.

पद्धत सोपी दिसते, पण तिच्या खोडी अनेक. पहिली आणि सर्वांत मोठी म्हणजे दिवा पक्षी मोजत नाही, हवा मोजतो. स्वच्छ चांदण्या रात्री हजारो पक्षी वरून निघून जातात आणि राखणदाराच्या तक्त्यावर काहीच चढत नाही. अमावस्येच्या आसपास, ढग खाली उतरलेले आणि भुरभुर पाऊस असला की प्रकाशाच्या झोतात अडकून ते तासन्‌तास घिरट्या घालतात आणि काचेवर आपटतात. अशा रात्रींची ‘प्रचंड लाट’ म्हणून नोंद होई. दुसरी खोड नावांची. ‘लहान पक्षी’ असा शेरा वटवट्यापासून गोल्डक्रेस्टपर्यंत कशालाही बसतो आणि स्थानिक नावे बंदरागणिक बदलतात. समितीत आयर्लंडची बाजू सांभाळणाऱ्या सदस्याने यावर फार शहाणा तोडगा काढला. मेलेल्या पक्ष्याचा एक पाय आणि एक पंख कापून, तारखेची चिठ्ठी लावून टपालाने पाठवायचे. पायाची लांबी आणि पंखातल्या पिसांचा क्रम यांवरून जात खात्रीने ठरते आणि अख्खा पक्षी वाटेत कुजण्याचा प्रश्न उरत नाही. इंग्लंडच्या तक्त्यांनाही पहिल्या वर्षापासून हा नियम असता, तर निम्मे वाद झालेच नसते.

दरम्यान, उत्तर समुद्रातल्या हेलिगोलँड बेटावर (१८९० पर्यंत ते ब्रिटिशांकडेच होते) राहणाऱ्या एका चित्रकाराची निरीक्षणे जास्त गाजली. कॉर्डो यांनी त्याच्या संग्रहावर लिहिलेही होते. निळकंठी (ब्लूथ्रोट हा छोटा पक्षी) आफ्रिकेतून एका रात्रीत बेटावर पोहोचते, असा त्याचा दावा होता. लहान पक्ष्याचा स्वतःचा वेग ताशी ३० ते ४५ किलोमीटरच्या आसपास असतो, हे आज माहीत आहे. बेटावरच्या नोंदी अस्सल होत्या, हिशेब चुकीचा होता.

तक्ते थांबल्यावर सारांश निघायला १८९६ उजाडले. तो एडिनबरोच्या संग्रहालयात काम करणाऱ्या, समितीच्या एका सदस्याने केला. त्यात दोन प्रवाह वेगळे काढले होते. एक स्कँडिनेव्हियाकडून खाली उतरणारा आणि दुसरा मध्य युरोपातून उत्तर समुद्राच्या दक्षिण भागावरून पूर्व-पश्चिम येणारा. हंबरच्या बांधावरचे निरीक्षण दुसऱ्यात नीट बसले. हाच सदस्य पुढे १९०१ मध्ये एडिस्टोन दीपगृहात आणि १९०३ मध्ये एका दीपनौकेवर सुमारे महिनाभर जाऊन राहिला, कारण तक्त्यांवर किती विसंबायचे हे त्याला पुरते कळले होते. पक्षी कुठून कुठे गेला हे कळावे म्हणून १८९९ पासून डेन्मार्कमध्ये पक्ष्यांच्या पायात ॲल्युमिनियमची कडी घालणे सुरू झाले. १९०९ मध्ये ते ब्रिटनमध्ये आले. पूर्वेचा वारा आणि ढगाळ हवा पक्ष्यांना वाटेवरून ढकलते, ही मांडणी विसाव्या शतकाच्या मध्यावर झाली आणि त्यानंतरच्या रडारने चांदण्या रात्रीची अदृश्य वाहतूकही दाखवली.

शेतीचे दिवस मात्र फिरले होते. १८७९ चा उन्हाळा पावसात गेला आणि मग परदेशी धान्याने भाव पाडले. १८६७ मध्ये क्वार्टरला (म्हणजे सुमारे २१८ किलोला) ६४ शिलिंग असलेला गहू १८९४ मध्ये २३ शिलिंगांच्याही खाली गेला. दीपगृहांच्या तक्त्यांचे काम उभे राहिले ते नेमके या घसरणीच्या वर्षांत.

ग्रेट कोट्सपासून किनाऱ्याने दक्षिणेला नॉर्थ कोट्स आहे. ५ सप्टेंबर १८९६ रोजी तिथे एक छोटा हिरवट पक्षी मारला गेला. ब्रिटनमधली हिरवट पर्णवटवट्याची ती पहिली नोंद. पूर्व युरोपापासून पुढे प्रजनन करणारा हा पक्षी हिवाळ्यात भारतात उतरतो. सह्याद्रीच्या झाडोऱ्यात ऑक्टोबरनंतर ‘चिस्-वी’ असा जो बारीक आवाज येत राहतो, तो बहुधा त्याचाच.