मांजलपूरचा ढग फतेगंजवर

2024 च्या ऑगस्टअखेरीस आमच्या बडोद्यातल्या विश्वामित्री नदीनं 26 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि ती 35 फुटांच्याही वर गेली. दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात वीज नव्हती, फोनमध्ये मात्र थोडा जीव शिल्लक होता. जो तो उपग्रहाचं चित्र उघडून बसलेला. शेजारच्या काकू माझ्या खांद्यावरून डोकावून म्हणाल्या, "अरे, एवढा पांढरा गोळा आपल्या डोक्यावर दाखवतोय, मग पाऊस का थांबलाय?"

काकूंची शंका रास्त होती. तिला तेव्हा मला धड उत्तर देता आलं नाही.

पांढरं दिसतं तिथे पाऊस असतोच असं नाही, कारण रात्रीही दिसणारं ते चित्र मुळात उष्णतेचं मोजमाप असतं. प्रत्येक वस्तू डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण बाहेर टाकत असते, गरम असेल तर जास्त आणि गार असेल तर कमी. आपल्या इन्सॅट उपग्रहांवरच्या कॅमेऱ्याला, म्हणजे इमेजरला, सहा चॅनल आहेत. त्यांतलं एक साधारण 10.3 ते 11.3 मायक्रॉन लांबीच्या लहरी टिपतं. चित्र रंगवताना मुद्दाम उलटं करतात, जेवढं गार तेवढं पांढरं. वर जावं तशी हवा दर किलोमीटरला सुमारे साडेसहा अंशांनी गार होत जाते. त्यामुळे एखादा ठिपका उणे 70 अंश दाखवत असेल, तर त्या ढगाचा माथा 15 किलोमीटरच्या आसपास आहे असा हिशेब निघतो. ढगाच्या पोटात काय चाललंय हे मात्र तो ठिपका सांगत नाही. उपग्रहाला दिसतं ते ढगाचं छप्पर.

गडगडाटी ढग चढत चढत एका उंचीवर अडतो आणि मग उतू गेलेलं दूध ओट्यावर पसरावं तसा आडवा पसरतो. हा पसारा वरच्या वाऱ्याबरोबर दूरदूर जातो. तो बर्फाच्या कणांचा असतो, अतिशय गार असतो, म्हणून चित्रात पांढराशुभ्र दिसतो. पण त्यातून थेंबही पडत नाही. काकूंचा गोळा बहुधा तसलाच असावा. याच्या उलट गंमत सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर होते. तिथले पावसाळी ढग बऱ्याचदा बुटके असतात. त्यांचा माथा फारसा गार नसल्यानं चित्रात ते मळकट, निरुपद्रवी वाटतात, आणि खाली धो धो कोसळत असतं.

आता जागेची भानगड. हे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे 36,000 किलोमीटरवर पृथ्वीच्या वेगानंच फिरतात, म्हणून एका जागी टांगल्यासारखे राहतात. गच्चीवरच्या टीव्हीच्या छत्रीचं तोंडही दक्षिणेच्या बाजूला असतं ते याचमुळे. इन्सॅट-3डीआर 74 अंश पूर्व रेखांशावर आहे आणि बडोदं 73 अंशांच्या किंचित पुढे. म्हणजे दक्षिणेकडे तोंड करून उभं राहिलं की तो जवळजवळ नाकासमोर. पण डोक्यावर नाही, कारण आपण 22 अंश उत्तरेला. तो आपल्याकडे तिरकं बघतो. समोरच्या उंच इमारतीवरची पाण्याची टाकी आपल्याला तिच्यामागच्या घरावर असल्यासारखी दिसते ना, तसंच ढगाचं होतं. मी कागदावर त्रिकोण काढून पाहिला. 15 किलोमीटर उंचीचा माथा नकाशावर सुमारे 7 किलोमीटर उत्तरेला सरकतो. थोडक्यात, शहराच्या दक्षिणेला मांजलपूरवर उभा असलेला ढग चित्रात उत्तरेकडच्या फतेगंजच्या आसपास किंवा पलीकडेच दिसणार. त्यात अवरक्त चॅनलचा एक ठिपका 4 किलोमीटरचा, तोही उपग्रहाच्या थेट खाली. सुरसागर, मांडवी, रावपुरा, आमचा वाडा हे सगळं एक-दोन ठिपक्यांत संपतं. त्या चित्रावर बोट ठेवून "बघ, आपल्या गल्लीवर आहे" म्हणणाऱ्यांना माझा दंडवत.

हे तिरकेपण आणि छपराखालचं अंधारलेलं कोडं सोडवण्याचं काम आपल्या शेजारीच चालतं, अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरमध्ये. इस्रोच्या या केंद्रानं इन्सॅट मालिकेचे इमेजर आणि हवेचे थर चाचपणारे साउंडर तयार केले. मालिकेतला ताजा उपग्रह, इन्सॅट-3डीएस, 17 फेब्रुवारी 2024 ला श्रीहरिकोट्याहून जीएसएलव्ही-एफ14 या रॉकेटनं गेला. त्याचा खर्च भूविज्ञान मंत्रालयानं उचलला. एकेक उपग्रह अर्ध्या तासाला एक चित्र देतो. 3डीआर आणि 3डीएस या दोघांच्या वेळा एकमेकांत गुंफल्या की दर पंधरा मिनिटांना देशाचं आभाळ हाती येतं.

या चित्रांतून वारा काढतात, ती युक्ती मला सगळ्यांत आवडते. लागोपाठची तीन चित्रं घ्यायची. पहिल्यातला ढगाचा एक छोटा चौकोन निवडायचा आणि पुढच्या दोन चित्रांत तीच नक्षी कुठे गेली ते संगणकाला शोधायला लावायचं. अर्ध्या तासात 30 किलोमीटर सरकली असेल, तर तिथे ताशी 60 किलोमीटरचा वारा. ढगाच्या तापमानावरून त्या वाऱ्याची उंची कळते. ढगच नसेल तिथे काय? त्यासाठी 6.5 ते 7.1 मायक्रॉनचं बाष्पाचं चॅनल आहे. आपल्याला निरभ्र वाटणाऱ्या आभाळातही त्याला बाष्पाचे पदर वाहताना दिसतात, मग त्यांचाच पाठलाग करायचा. अरबी समुद्राच्या मधोमध रोज सकाळ-संध्याकाळ वारा मोजणारे फुगे सोडायला कोण बसलंय? तिथल्या वरच्या वाऱ्यांची बरीचशी माहिती अशा पाठलागातून मिळते आणि अंदाज वर्तवणाऱ्या संगणकीय प्रारूपांत जाते. साउंडरची 19 चॅनल हवेच्या वेगवेगळ्या थरांचं तापमान आणि दमटपणा चाचपतात, तेही त्यातच मिसळतं.

बडोद्याला बुडवणारी ती कमी दाबाची प्रणाली तशी विचित्रच होती. ती जमिनीवरून मध्य प्रदेश ओलांडत आली, गुजरातवर रेंगाळली आणि कच्छमार्गे समुद्रात उतरून 30 ऑगस्टला ‘असना’ चक्रीवादळ झाली. अरबी समुद्रात ऑगस्टमध्ये चक्रीवादळ होण्याची त्याआधीची उदाहरणं 1944, 1964 आणि 1976 ची. इकडे पाऊस ओसरल्यावरही आजवा तलाव आणि पावागडच्या बाजूचं पाणी विश्वामित्रीत येतच होतं आणि वनखात्याची माणसं वस्तीतून मगरी उचलत होती. आभाळाच्या चित्रात यातलं काही येत नाही.

ढगाच्या छपराच्या आत डोकवायचं तर सूक्ष्मलहरी, म्हणजे मायक्रोवेव्ह, लागतात, त्या ढगाला जुमानत नाहीत. भारत-फ्रान्सचा मेघा-ट्रॉपिक्स उपग्रह 12 ऑक्टोबर 2011 ला गेला तो त्यासाठीच. 7 मार्च 2023 ला त्याला ठरवून प्रशांत महासागरावर खाली आणून नष्ट केलं. आणि 30 जुलै 2025 ला नासा-इस्रोचा निसार हा रडारवाला उपग्रह गेला. त्याचा एस-बँड, म्हणजे सूक्ष्मलहरींच्या एका पट्ट्यातला, रडार अहमदाबादच्या याच केंद्रानं बनवलेला. ढगांचं पांघरूण असो की मध्यरात्र, त्याला जमीन दिसते. अडचण एवढीच की तो एकाच वाटेवरून बारा दिवसांनी परततो, आणि विश्वामित्री कुणाचं वेळापत्रक पाळत नाही.

शिवाय रडारच्या चित्राचीही एक गंमत आहे. शांत पाणी आरशासारखं असतं. तिरका आलेला किरण ते पलीकडे परतवून लावतं, रडारकडे काहीच येत नाही, म्हणून पाणी भरलेलं शेत किंवा मैदान काळंभोर उमटतं. पण घरांच्या दाटीत पाणी भरलं, की किरण आधी पाण्यावर आणि मग भिंतीवर आपटून थेट माघारी येतो आणि तो भाग उलट चकाकतो. कमाटीबागेतल्या झाडांच्या बुंध्यांमध्ये पाणी साचलं तरी तेच. त्यामुळे काळं तेवढं पाणी असा नियम लावला, तर नकाशात समा-सावली रस्त्याच्या पलीकडची शेतं बुडालेली दिसतील आणि दांडिया बाजार कोरडा.