जुनी गाडी पीयूसीत नापास झाली तर: नापासाची पावती, दुरुस्ती आणि रिपासिंगचे कागद

पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात, असं बरेच जण धरून चालतात. खासगी गाडीचं तसं नाही. तिची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि पुढे ती दर खेपेस पाच वर्षांनी वाढवून मिळते. आपण रिपासिंग म्हणतो ते हेच. (सरकारी मालकीच्या गाड्यांना मात्र १ एप्रिल २०२३ पासून ही सवलत नाही, आणि दिल्ली परिसराचं गणितच निराळं आहे.) रिपासिंगच्या कागदांपैकी बाकीचे घरात कुठे ना कुठे सापडतात. घोडं अडतं ते पीयूसीपाशी, म्हणजे गाडीच्या धुराच्या तपासणीच्या दाखल्यापाशी.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ११५ प्रमाणे पहिल्या नोंदणीला एक वर्ष झालं की प्रत्येक गाडीला पीयूसी लागते. बीएस-४ (भारत स्टेज-४, गाड्यांच्या धुरासाठीच्या सरकारी निकषांचा चौथा टप्पा) आणि त्यापुढच्या गाड्यांना ती वर्षभर चालते, त्याआधीच्या गाड्यांना फक्त सहा महिने. म्हणजे २००८ सालच्या गाडीच्या मालकाला वर्षातून दोनदा केंद्रावर जायचं आहे, हे गृहीत धरा. पीयूसी नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० (२) खाली दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, शिवाय लायसन्स तीन महिन्यांसाठी जाऊ शकतं. विम्याचं मात्र थोडं सैल झालंय. पीयूसीशिवाय विमा नूतनीकरण नाही, ही सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये घातलेली अट त्याच न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये काढली.

नापास झालात तर आधी पावती मागा

जून २०२१ च्या अधिसूचनेने देशभर पीयूसीचा एकच नमुना आला, त्यावर क्यूआर कोड आला, मालकाचा मोबाइल नंबर सक्तीचा झाला. त्याच अधिसूचनेत आणखी एक गोष्ट होती, जिच्याकडे कुणी फारसं बघत नाही: नापासाची पावती. गाडीचे आकडे मर्यादेबाहेर गेले तर केंद्राने ठरलेल्या नमुन्यात तशी पावती द्यायची असते. ती गॅरेजमध्ये दाखवता येते. केंद्राच्या मशीनवरच शंका असेल तर ती घेऊन दुसऱ्या केंद्रावर तपासूनही घेता येतं. पण ती पावती म्हणजे पीयूसी नव्हे. हवालदाराने अडवलं तर ती ढाल होणार नाही. म्हणून जुनी पीयूसी संपायच्या दोन-तीन आठवडे आधीच तपासणी करा, दुरुस्तीला वेळ मिळतो.

माझ्या २००८ च्या पेट्रोल गाडीच्या वेळी केंद्रातला मुलगा म्हणाला, "काका, नाही बसत. मेकॅनिकला दाखवा." मी निघालोही होतो, मग परत वळून पावती मागितली. सीओ (कार्बन मोनॉक्साइड) १.९ टक्के, एचसी (हायड्रोकार्बन, म्हणजे न जळलेलं इंधन) ३१० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग). एवढे दोन आकडे.

तुलना कशाशी करायची? बीएस-२ आणि बीएस-३ पेट्रोल गाड्यांना आयडलिंगवर (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू) सीओ ०.५ टक्के आणि एचसी ७५० पीपीएम ही मर्यादा आहे. त्याहून जुन्या गाड्यांना सीओ ३ टक्के आणि एचसी १५००. बीएस-४ ला मात्र बरंच घट्ट: सीओ ०.३, एचसी २००, आणि शिवाय अडीच हजार आरपीएमच्या आसपास रेस धरून दुसरी चाचणी, त्यात सीओ ०.२ आणि लॅम्डा (हवा आणि पेट्रोल यांच्या प्रमाणाचा आकडा) ०.९७ ते १.०३. गाडी कोणत्या गटातली हे आरसीवर पाहा, आणि केंद्राने तोच गट धरलाय ना, हेही. तेरा मोठ्या शहरांत बीएस-४ एप्रिल २०१० ला आलं, देशभर एप्रिल २०१७ ला. त्यामुळे मधल्या वर्षांतल्या गाड्यांबाबत नुसतं साल बघून अंदाज बांधू नये.

म्हणजे माझा एचसी आरामात पास होता, फक्त सीओ जास्त. पेट्रोल जळत होतं, पण जरुरीपेक्षा जास्त जात होतं. मेकॅनिकने आकडे न बघताच "कॅटकॉन गेला, नवा टाका" असं सांगितलं होतं. (कॅटकॉन म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग.) हा सगळ्यांत महागडा सल्ला, आणि सगळ्यांत आधी दिला जातो. घरी येताना टेम्परेचरच्या काट्याकडे लक्ष गेलं. अर्धा तास गाडी चालवूनही तो मधल्या खुणेच्या खालीच लोळत होता. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी सोडणारी झडप, उघडा अडकला होता. इंजिन गार आहे असं समजून कॉम्प्युटर पेट्रोल वाढवत बसला होता. थर्मोस्टॅट बदलला आणि त्याच केंद्रावर सीओ ०.२ आला. कॅटकॉन जुनाच आहे.

सीओ जास्त असेल तर एअर फिल्टर, टेम्परेचर सेन्सर, ऑक्सिजन सेन्सर, गळका इंजेक्टर, आणि कार्बोरेटरची गाडी असेल तर अडकलेला चोक, असं स्वस्ताकडून महागाकडे जा. एचसी जास्त आणि सीओ ठीक, म्हणजे गाडी मिसिंग करतेय, पेट्रोल नीट पेटत नाही: प्लग, प्लगच्या वायरी, कॉइल, टायमिंग. दोन्ही जास्त असतील तर पेट्रोलही जास्त जातंय आणि कॅटकॉनही थकलाय, अशी शक्यता मोठी. तरीही आधी मूळ दोष काढा, कारण मिसिंग करणाऱ्या गाडीत नवा कॅटकॉनही जळून जातो. बीएस-४ गाडीत लॅम्डा १.०३ च्या वर गेला तर सायलेन्सरच्या जोडापाशी फुटलंय का बघा, बाहेरची हवा आत शिरून आकडा फुगवते. इंजिन ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल तर तेही बदलून घ्या.

डिझेलचं सगळं धुरावर. पूर्ण रेस देऊन धुराची घनता मोजतात: बीएस-४ च्या आधीच्या गाड्यांना ६५ हार्ट्रिज (धुराच्या घनतेचं एकक), बीएस-४ ला ५०. काळा धूर असेल तर एअर फिल्टर, इंजेक्टर, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात फिरवणारी झडप), टर्बोचा फाटका पाइप. निळा असेल तर ऑइल जळतंय. टायमिंग बेल्टची मुदत उलटलेली असेल तर तो बदलल्याशिवाय ही चाचणी देऊ नका. पूर्ण रेसवर बेल्ट तुटला तर पीयूसी राहील बाजूला.

पुन्हा तपासणीला जाताना गाडी पंधरा-वीस मिनिटं नीट पळवून न्या. कॅटकॉन साधारण ३०० अंशांच्या पुढेच काम करतो आणि रांगेत उभ्या गाडीत तो पुन्हा निवतो. एसी बंद ठेवा. आणि नळी सायलेन्सरमध्ये पुरती आत गेलीय ना, ते स्वतः बघा. चार बोटं आत घालून घेतलेलं रीडिंग गाडीचं कमी आणि हवेचं जास्त असतं. "गाडी न आणता पीयूसी देतो" म्हणणारा भेटलाच तर लक्षात ठेवा, रिपासिंगला गाडी निरीक्षकासमोर उभी करायचीच आहे.

पीयूसी हातात आली, आता अर्ज

रिपासिंगसाठी नमुना २५ भरायचा. मुदत संपण्याच्या जास्तीत जास्त साठ दिवस आधी तो देता येतो. गाडी ज्या आरटीओच्या हद्दीत आहे तिथे अर्ज जातो. परिवहन पोर्टलवर भरून, फी ऑनलाइन भरून तपासणीची तारीख घ्यायची. फी हलक्या मोटारीला पाच हजार रुपये आहे, गाडी वीस वर्षांच्या पुढची असेल तर ऑगस्ट २०२५ पासून दहा हजार. महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा भरावा लागतो आणि उशीर झाला तर महिन्यागणिक जादा शुल्क चढतं.

सोबत मूळ आरसी, चालू विमा, चालू पीयूसी, पर्यावरण कराची पावती, पॅन कार्ड (नसेल तर नमुना ६०), पत्त्याचा पुरावा आणि चासी नंबरचा पेन्सिलने घासून काढलेला ठसा. हा ठसा घरीच, सावकाश काढा. नंबरावर गंज असेल तर रॉकेलच्या फडक्याने पुसून घ्या, पण पॉलिश पेपर लावू नका. नंबर पुसट झाला तर नवीच भानगड. आरसीवर बँकेचा बोजा अजून दिसत असेल आणि कर्ज कधीच फिटलेलं असेल, तर तो आधी उतरवून घ्या. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबरप्लेट) पाट्या लागतात, त्या बसवूनच जा. सीएनजी किट बाहेरून बसवलं असेल तर त्याची नोंद आरसीवर हवी.

तपासणीत दिवे, ब्रेक, हॉर्न, वायपर, टायर बघतात. एक बल्ब गेलेला असला तरी फेरी वाया जाऊ शकते. काम झाल्यावर सरकारच्या एमपरिवहन अ‍ॅपमध्ये नोंदणीची पुढची तारीख बदललीय का ते त्याच आठवड्यात पाहा, आणि बदललेली नसेल तर अर्ज क्रमांक घेऊन लगेच खिडकीवर जा.