सॅन फ्रान्सिस्कोतले कलेचे दोन नियम: शहराचे २ टक्के आणि बिल्डरचा १ टक्का

येर्बा बुएना–मॉस्कोनी भुयारी स्थानकाबाहेर शिल्पकार रॉक्सी पेन यांचे ‘नोड’ हे शिल्प उभे आहे. स्टेनलेस स्टीलचे, १०० फुटांहून उंच, वर निमुळते होत गेलेले. त्याच भागात ५५५, मिशन स्ट्रीट या इमारतीच्या मोकळ्या अंगणात उगो रॉन्डिनोन यांचे भले मोठे चेहरे आहेत. दोन्ही कोणालाही फुकट पाहता येतात, म्हणून दोन्ही ‘शहराचीच’ वाटतात. पण ‘नोड’ शहराचे आहे, चेहरे इमारतीच्या मालकाचे. बांधकाम खर्चाचा ठरावीक टक्का कलेवर, हे सूत्र एकच असले तरी नियम दोन आहेत. खरा फरक टक्क्यात नाही, मालकीत आहे.

पहिला नियम १९६९ चा. शहराच्या पैशातून होणाऱ्या इमारती, उद्याने आणि वाहतूक प्रकल्पांच्या अंदाजित खर्चातले २ टक्के कलेसाठी बाजूला काढायचे. पैसा शहराच्या कला आयोगाकडे जातो आणि कलाकृती कायमची शहराची होते. आयोग आधी कलाकारांच्या पूर्वीच्या कामाचे नमुने मागवतो. निवड समिती त्यातले मोजके निवडते आणि त्यांना मानधन देऊन प्रस्ताव करून घेते. प्रस्ताव लोकांसमोर ठेवले जातात, मग आयोगाचे मतदान होते.

२ टक्के म्हणजे कलाकाराची फी, असा समज फार पसरलेला आहे. हिशेब करून पाहा. प्रकल्प ५ कोटी डॉलरचा असेल तर कलेला १० लाख. त्यातले २० टक्क्यांपर्यंत प्रशासनाला आणि ५ टक्के जतनाला गेले की साडेसात लाख उरतात. स्ट्रक्चरल इंजिनिअर, विमा, घडणावळ, वाहतूक, क्रेन, उभारणी हे सगळे त्यातूनच भागवायचे आणि मग कलाकाराचा मोबदला. शिवाय कलाकार उशिरा नेमला गेला आणि तोवर काँक्रीट ओतून झाले असेल, तर अँकर बोल्टसाठी, म्हणजे शिल्प पायाला घट्ट धरणाऱ्या बोल्टसाठी, तयार पाया फोडावा लागतो. तो वाढीव खर्चही बहुधा कलेच्याच माथी येतो. म्हणून आराखडा कागदावर असतानाच कलाकार आर्किटेक्टशेजारी बसलेला हवा.

दुसरा नियम १९८५ च्या डाउनटाउन प्लॅनमधला, म्हणजे शहराच्या मध्यवर्ती व्यापारी भागाच्या आराखड्यातला. शहराच्या ठरावीक भागांत २५,००० चौरस फूट किंवा त्याहून मोठे खासगी बांधकाम असेल तर बिल्डरने खर्चाचा १ टक्का कलेवर घालायचा. कलाकार बिल्डरच निवडतो. नियोजन विभाग जागा, खर्च आणि लोकांना ती कलाकृती पाहता येते का, एवढे तपासतो. कलाकृतीजवळ फलक लावावा लागतो. ती मात्र इमारतीच्या मालकाची, देखभालही त्याचीच. २०१२ पासून हा पैसा शहराच्या कला निधीत भरायचाही पर्याय आहे. आमच्या मते तो जास्त वापरला जायला हवा, कारण डाउनटाउनच्या अंगणांत शिल्पांची दाटी होते आणि दूरच्या वस्त्यांना काहीच मिळत नाही.

बिघाडही वेगवेगळ्या जागी होतो. खासगी कलाकृतीसमोर कुंड्या येतात, दिवे जातात, इमारत विकली जाते आणि नव्या मालकाला ही जबाबदारी ठाऊकच नसते. शहराच्या कलाकृतीची अडचण पैशाची. जतनाचे ५ टक्के एकदाच मिळतात, शिल्प मात्र ५० वर्षे उभे राहायचे असते आणि प्रकल्पांसाठी कर्जरोख्यांतून उभारलेला पैसा रोजच्या देखभालीला चालत नाही.

खाऱ्या हवेत तर छोटी चूकही महागात पडते. स्टेनलेस स्टीलचे शिल्प साध्या लोखंडी बोल्टने बसवले की दोन धातूंच्या संपर्कात ओल शिरते आणि लोखंड झपाट्याने गंजते. पहिली खूण म्हणजे तळपट्टीच्या नटाखालून उतरलेला तांबूस ओघळ. बोल्ट त्याच प्रतीच्या स्टेनलेसचे घ्यावेत. लोखंडीच वापरावे लागले तर मध्ये नायलॉनचे वॉशर आणि बोल्टभोवती नायलॉनची नळी घालावी. पाणी निघून जायला तळाशी भोक ठेवावे. मुंबई आणि कोकण किनाऱ्यालाही हे जसेच्या तसे लागू आहे. आपल्याकडे चौक सुशोभीकरणाच्या निविदेत कारंजे, रेलिंग आणि शिल्प अनेकदा एकाच कंत्राटात जातात. तिथे हे बोल्ट निविदेतच प्रतीसह लिहून ठेवावेत.

एखादे शिल्प काळवंडलेले दिसले तर आधी फलक वाचा. शहराच्या संग्रहातले असेल तर तक्रार कला आयोगाकडे. खासगी इमारतीचे असेल तर पत्ता आणि फोटोसह नियोजन विभागाकडे, कारण परवानगीच्या अटी त्यांच्या फाइलमध्ये असतात.